पवन्याची विरळणी

मला निंदणातलं फार समजतं असा माझा समज होता. समज कसला, माजच होता तो. आमचं शेत चांदूर बाजारकडचं, अर्ध्यात संत्रा, अर्ध्यात कपाशी आणि तूर. आईच्या राज्यात या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत तणाची काडी सापडायची नाही. शेजारच्या वावरात गाजरगवत दिसलं की ती नाक मुरडायची, आणि त्या घरच्या बायांचं स्वयंपाकघरही तसंच असणार, असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायची. मी तिचीच पोर. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसले होते, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शहाणपण शिकवत होते.

अशात ती योजना आली. सरकारी पडीक जमिनींवर पुन्हा गवताची कुरणं उभी करायची, त्यासाठी गावागावांतली पंचवीसच्या आतली पोरं-पोरी वर्षभर घ्यायची, त्यांना महिन्याला मानधन द्यायचं आणि शेवटी प्रमाणपत्र. आमच्याकडे गावोगावी जनावरं चारायला म्हणून राखलेली सरकारी जमीन असते, तिला ई-क्लास म्हणतात. आता बहुतेक ई-क्लासवर वेडी बाभूळ असते, रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची जाळी असते, नाहीतर कोणाची तरी गुपचूप पेरलेली तूर असते. आमच्या वाट्याला आलेली जमीन मूर्तिजापूरच्या अलीकडे, अमरावती-अकोला रस्त्यापासून आत होती. आम्ही बारा जण, मी मूर्तिजापूरला खोली घेऊन राहिले. शिकवायला अकोल्याहून वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक यायचे, त्यांना आम्ही सर म्हणायचो. रोजची देखरेख करायला एक गार्ड होते, स्वभावानं गरीब आणि कायम घाईत.

गटप्रमुख कोण होणार, असं सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी हात वर केला. शेतकऱ्याची पोर, त्यातून बी.एस्सी., म्हणून कोणी हरकत घेतली नाही. गटप्रमुखाकडे एक कामाची डायरी असायची. कोणी काय केलं, कोणी केलं नाही, हे मी रोज संध्याकाळी तिच्यात लिहायचे. ते काम मला फार आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्यात एक पोरगी त्या जमिनीला लागून असलेल्या गावची होती. बारावी झालेली, वीसच्या आत-बाहेर, अंगानं काटकुळी. तिच्या घरी शेती नव्हती, बकऱ्या होत्या. लहानपणापासून ती त्याच ई-क्लासवर बकऱ्या चारत आली होती. मला ती ताई म्हणायची. डबा खाताना एकदा तिनं तिची सगळी गोष्ट सांगितली. बापानं तिला सांगून ठेवलं होतं, जोवर ही पगाराची कामं चालू आहेत तोवर लग्नाचा विषय काढणार नाही. वर्ष संपल्यावर बारांतल्या दोघांना आणखी दोन वर्षं कुरणाची राखण करायला ठेवणार आहेत, हे आम्हाला माहीत होतं. तिला त्यातली एक जागा हवी होती. दोन वर्षं मिळाली तर ती बाहेरून बी.ए. करणार होती, आणि बी.ए. झालेल्या पोरीला बाप उगाच कुठंही देणार नाही, असा तिचा हिशेब होता. मी म्हटलं, मिळेल की तुला. म्हणायला माझं काय जात होतं.

आणि खरं सांगायचं तर तिला मिळायलाच हवी होती. दसऱ्यानंतर आम्ही गवताचं बी गोळा करायला लागलो तेव्हा आमची शिकलेल्यांची फजिती झाली. सरांना पवन्या हवा होता. पवन्या म्हणजे जनावरं आवडीनं खातात आणि एकदा मुरला की वर्षानुवर्षं हटत नाही असं गवत. आम्हाला सगळंच गवत गवतासारखं दिसायचं. ही पोरगी मात्र रेल्वेच्या कडेनं, स्मशानाच्या मागून, जुन्या पांदणीतून बरोबर पवन्याजवळ नेऊन उभी करायची. तळहातावर कणीस चोळून बघायची आणि म्हणायची, हे पिकलं, हे आठ दिवस राहू द्या. सरांनी बी पारखायचं काम रीतसर तिच्याकडे दिलं, तसं कागदावरही लिहिलं. मला ते थोडं खटकलं, पण मी गटप्रमुख होते, म्हणून मोठ्या मनानं गप्प बसले.

उन्हाळाभर आम्ही वेडी बाभूळ मुळासकट खणून काढली. हातांना घट्टे पडले, काट्यांनी दोन पोरं आठवडाभर लंगडली. जूनमध्ये ती मोकळी केलेली जमीन वखरून दसऱ्यापासून जपलेलं बी हातानं फेकून पेरलं. मी सरांना म्हटलं, तिफण आणू, तासानं पेरू, म्हणजे मधून डवरा फिरवून तण काढता येईल. ते हसले आणि म्हणाले, कुरण म्हणजे कपाशी नव्हे. नंतर श्रावणात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते दोन महिने यायचे बंद झाले.

पोळा झाला. त्याच आठवड्यात मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून निरोप आला. गार्डनी सांगितलं, तरोटा आणि गाजरगवत तेवढं उपटून घ्या, बाकी कशाला हात लावू नका. एवढं सांगून ते मोटारसायकलवर बसून गेले.

मी जमिनीवर नजर टाकली आणि मला लाज वाटली. माझ्या देखरेखीखालचं वावर आणि हा अवतार. तरोटा, गाजरगवत होतंच, पण गवतातही मेळ नव्हता. एक होतं रुंद पात्याचं, काळसर हिरवं, पोटरीपर्यंत आलेलं, बघून डोळे निवावेत असं. त्याच्यात अडकून दुसरं होतं दोऱ्यासारखं, बोटभर, लालसर, आज मरतं की उद्या असं. आता आमच्याकडे विरळणीचा नियम लहान पोरालाही माहीत असतो. एका जागी दोन रोपं असली की जोमाचं ठेवायचं, मरतुकडं उपटायचं. नाहीतर ते जगत नाही आणि शेजारच्यालाही जगू देत नाही. आईनं मला हे सहाव्या-सातव्या वर्षी हाताला धरून शिकवलं होतं. मी सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि सांगितलं, तरोटा काढा, गाजरगवत काढा, आणि हे बारीक लालसर गवत दिसेल तिथं उपटा, म्हणजे चांगल्याला जागा होईल.

दहा जण खाली बसले. ती उभीच राहिली. मग माझ्याजवळ आली, चार लोकांत बोलायचं नाही म्हणून हळू आवाजात म्हणाली, "ताई, थे नको उपटू. थोच पवन्या हाय. पहिल्या साली थो असाच मरतुकडा दिसते. खाली मुळ्या करून राहिला थो."

तिनं मला हळू सांगितलं होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"वावर तुह्या घरी हाय का माह्या घरी? बकऱ्या चारून रोपं समजत नाई."

दोघं-तिघं हसले. मीही हसले. ती वळली. तिच्या वाट्याच्या पट्ट्यात जाऊन बसली आणि फक्त तरोटा आणि गाजरगवत काढत राहिली. दुपारपर्यंत आमचे पट्टे आरशासारखे झाले आणि तिचा तसाच गबाळा. मी दोन पोरं पाठवून तिचा पट्टाही साफ करून घेतला. पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी उपटत येत होती आणि ती मध्ये बसून होती. शेवटी उठून पाण्याच्या माठाकडे गेली. डबा खायच्या सुट्टीत ती कोपऱ्यात बाभळीच्या फांद्या ओढताना दिसली. कुंपण नीट करत असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

त्या संध्याकाळी मी डायरीत लिहिलं, नेमून दिलेलं काम अर्धवट सोडलं, सूचना ऐकत नाही. पुढं तिचं नाव लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पाहणी छान झाली. मोठे साहेब म्हणाले, सरकारी कामावर इतकी स्वच्छता मी पाहिली नाही. माझा त्या हिरव्यागार गवतात बसलेला फोटो काढला. मी तो आईला पाठवला. आईनं तो अख्ख्या नात्यात फिरवला.

गणपती उठल्यावर त्या जोमाच्या गवताला तुरे आले तेव्हा मी ते ओळखलं. आमच्याकडे खताच्या ढिगावर, नालीच्या काठानं, कुठंही उगवतं ते साधं पावसाळी गवत होतं. एकाच पावसाळ्याचं. मला त्याच दिवशी कळलं होतं. पुढं जे सांगणार आहे त्यात, मला उशिरा कळलं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मी रोज सकाळी त्या जमिनीवर जायचे आणि बघायचं टाळायचे. ती मात्र रोज बघायची, आणि मला काहीच म्हणायची नाही.

दसऱ्यापर्यंत सगळं वाळून आडवं झालं. डोळ्याचं ऑपरेशन करून सर आले तेव्हा खाली काळी भेगाळलेली जमीन आणि वर पिवळा काडीकचरा एवढंच होतं. ते कितीतरी वेळ गुडघ्यावर बसून हातानं माती चाचपत होते. मग आम्हाला शेडमध्ये बोलावलं आणि विचारलं, "बी उगवलंच नाही, की उगवून गेलं?"

तिनं मान वर केली आणि म्हणाली, "उगवलं होतं, सर."

सरांनी विचारलं, मग कुठं गेलं? ती माझ्याकडे बघायला लागली. रागानं बघत नव्हती. गटप्रमुख सांगेल, सांगायचा मान तिचा आहे, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. बाकी दहा जणही माझ्याकडेच बघत होते. सगळ्यांच्याच हातांनी उपटलं होतं, पण तोंड उघडायचं ते मी. मी माझ्या बुटांवरची माती बघितली. त्या दोन जागांपैकी एक मलाही हवी होती. फॉर्मवर लिहायला दोन वर्षांचा अनुभव हवा होता. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे बकऱ्या चारणाऱ्या पोरीचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं, हे मला त्या शेडमध्ये उभं राहून म्हणता येईना.

गार्डना लवकर निघायचं होतं. ते म्हणाले, बी कच्चंच गोळा केलं असेल. पारखणारी कोण होती? कागदात तिचं नाव होतं. मग त्यांनी डायरी चाळली, माझी ती ओळ सापडली आणि ती त्यांनी सरांना मोठ्यानं वाचून दाखवली. खाली रेघ मारलेली होती, त्यामुळे सापडायला सोपी गेली. सरांनी तिला विचारलं, हे खरं आहे का, काम अर्धवट सोडलं होतं? तिनं अजून एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, सोडलं होतं."

तिच्या प्रमाणपत्रावर शेरा पडला, काम समाधानकारक नाही. शेरा पडलेल्याला पुढच्या निवडीत घेत नव्हते. ती जागा एका पोराला मिळाली आणि दुसरी मला. प्रमाणपत्रं वाटली त्या दिवशी रस्त्यापर्यंतची वाट आमची एकच होती, म्हणून मी मुद्दाम रेंगाळले. तरी ती फाट्यावर थांबलेली होती. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाली, "तू बोलशीन वाटलं होतं, ताई." आणि गावाच्या वाटेला लागली. मी एस.टी.त बसून मूर्तिजापूर येईपर्यंत रडले. आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले. मला स्वतःची सगळ्यात जास्त किळस येते ती त्या हजर होण्याची.

मे महिन्यात तिच्या लग्नाची पत्रिका गटातल्या सगळ्यांना आली, मलाही आली. अमरावतीला परीक्षा आहे असं मी कळवलं. परीक्षा होती, पण ती आदल्या दिवशी.

जुलैत पुन्हा पेरणी करायची म्हणून आम्ही कडेचे काटे उचलत होतो. कोपऱ्यातला बाभळीच्या फांद्यांचा तो ढीग मी आणि सरांनी मिळून ओढला. खाली खाटेएवढ्या जागेत गवत होतं. दाट बुडखे, गुडघ्याला टेकेल इतकं उंच, काट्यांच्या फटींतून वाट काढत वर आलेलं. सर खाली बसले. एक काडी मोडून त्यांनी दाताखाली धरली, मग बुडख्यात बोटं घालून मुळ्या पाहिल्या. म्हणाले, "पवन्या. बी अगदी चांगलं होतं गं."

कुंपण म्हणून मी ज्याच्याकडे दुर्लक्ष केलं होतं तो तिनं झाकून ठेवलेला पवन्याचा वाफा होता. आम्ही बाकीचं सगळं उपटत असताना तिनं तेवढं वाचवलं होतं आणि त्याबद्दल कोणाला सांगितलंही नव्हतं. शेडमध्ये तिला एवढंच म्हणायचं होतं की चला, दाखवते. ती म्हणाली नाही. मी म्हणेन याची वाट बघत राहिली.

मी तिथंच सगळं सांगितलं. विरळणी, बकऱ्यांवरून बोललेलं वाक्य, डायरी, बूट. सर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, तो पुन्हा लावला, आणि हे मला लिहून दे म्हणाले. मी लिहून दिलं. माझं गटप्रमुखपद गेलं, ते जायलाच हवं होतं. काम मात्र पूर्ण करायला लावलं. महिना-दीड महिन्यानं कार्यालयाचं पत्र आलं. सदर उमेदवारास चुकीच्या माहितीवरून निवडीतून वगळण्यात आले होते, तिच्याविरुद्धचा शेरा मागे घेण्यात येत आहे, गटप्रमुखाने चूक मान्य केली आहे. खाली सही, शिक्का.

मी ते पत्र पोस्टानं जाऊ दिलं नाही. स्वतः नेऊन देते म्हटलं. मला तिच्या हातात ते द्यायचं होतं, तिचा चेहरा बघायचा होता. अमरावतीहून कौंडण्यपूरच्या एस.टी.नं गेले, तिचं सासर त्या बाजूला, नदीपासून कोस-दीड कोसावर. घर विचारत गेले. ती दारात सोयाबीन निवडत बसली होती. डोक्यावर पदर. मला बघून उठली, आणि आधी तिनं घरात वळून बघितलं.

सासू बाहेर आली. बोलकी बाई होती. मी सोबत कामाला होते म्हटल्यावर तिनं मला खाटेवर बसवलं आणि सुनेचं कौतुक सुरू केलं. सरकारी कामावर होती आमची सून, साहेब लोक सोडतच नव्हते, पण लग्न ठरलं म्हणून हिनंच काम सोडलं, आजकाल कोण सोडते, असं सगळं. मी हं हं करत राहिले. चहा ठेवते म्हणून सासू आत गेली.

मी पर्समधून पत्र काढून तिला दिलं. तिनं उभ्या-उभ्या वाचलं, सावकाश, शिक्क्यापर्यंत. मी म्हटलं, माझं चुकलं, मी सगळं लिहून दिलं, आता तुझ्या नावावर काही नाही. ते बोलताना मला रडू येत होतं आणि थोडं हलकंही वाटायला लागलं होतं.

तिनं कागदाच्या होत्या त्याच घड्या पुन्हा केल्या आणि तो माझ्या हातात परत दिला.

"इथं कोणालेच मालूम नाई मले काढलं होतं म्हणून," ती म्हणाली. "हे कोणी वाचलं त मालूम होइन."

मी म्हटलं, पण हे तुझ्याच बाजूचं आहे.

"हे त्या वक्ती शेडमंदी बोलायचं होतं. आता हे तुह्याच कामाचं हाय. तुह्याजवळच ठेव."

आतून कपबश्यांचा आवाज आला. तिनं पदर सारखा केला आणि आवाज बदलून विचारलं, आई कशी आहे, संत्र्याचा बहार कसा आहे. मी बरं आहे म्हटलं. सासूनं चहा आणला, आम्ही तिघींनी घेतला. एस.टी.ची वेळ झाली तेव्हा ती दारापर्यंत आली, पुढं आली नाही.

योजनेची दोन वर्षं पुरी झाली, अनुभवाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि आता मी नोकऱ्यांच्या मुलाखती देते आहे. फाइल उघडली की आधी तो कागद लागतो. तो बाजूला सारून मी खालचं माझं प्रमाणपत्र काढते आणि समोरच्या साहेबांना देते.